‘नॉन-डेअरी’ क्रीमर व्हीगन माणसाला चालतो का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

कॉफीत दुधाऐवजी घालायच्या तयार पावडरी आणि बाटल्यांबद्दल, म्हणजे क्रीमरबद्दल, आलेल्या पत्रांना या अंकात एकत्र उत्तरं देत आहोत. व्हीगन म्हणजे दूध आणि मधासकट प्राणिजन्य काहीच न घेणारा.

प्रश्न : आमच्या घरी सगळ्यांनी दूध सोडलं आहे. कॉफीसाठी परदेशी कंपनीच्या क्रीमर पावडरची बरणी आणली. पुढे मोठ्या अक्षरांत ‘नॉन-डेअरी’, बाजूला हिरवा ठिपका. मागे बारीक अक्षरांत मात्र ‘सोडियम केसिनेट’ लिहिलंय. हे दुधातूनच काढतात असं मुलगी म्हणते. मग बरणीवर तसं कसं लिहितात? ही पावडर आम्ही वापरावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. ही पावडर व्हीगन नाही.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. साय काढलेल्या दुधात आम्ल घालून त्याचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास आणला की केसीन साकळून वेगळं होतं. ते धुऊन घेतात, सोडियम हायड्रॉक्साइडनं त्याची आम्लता घालवतात आणि वाळवून पावडर करतात. हेच सोडियम केसिनेट. या प्रक्रियेत दुधातलं स्निग्ध आणि लॅक्टोज (दुधातली साखर) जवळजवळ सगळं निघून जातं, पण उरतं ते दुधाचंच प्रथिन.

नेहमीच्या १०० ग्रॅम क्रीमर पावडरीत साधारण ५० ते ६० ग्रॅम मक्याच्या ग्लुकोज सिरपची वाळवलेली पावडर असते. २५ ते ३५ ग्रॅम हायड्रोजनेटेड पाम कर्नेल तेल किंवा खोबरेल असतं. केसिनेट २ ते ५ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट १ ते ३ ग्रॅम, आणि उरलेल्यात तेल-पाणी एकत्र धरणारा इमल्सिफायर, गुठळ्या न होण्यासाठीचा पदार्थ आणि स्वाद. म्हणजे पावडरीचा मोठा भाग खरोखरच वनस्पतिजन्य आहे. पण त्या दोन-पाच ग्रॅम केसिनेटशिवाय ती कॉफीत टिकत नाही. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून प्रत्येकावर केसिनेटचा थर बसवलेला असतो. त्यामुळे थेंब एकमेकांना चिकटत नाहीत, गरम आणि आंबट कॉफीतही तेल वर येत नाही, आणि या थेंबांवरून प्रकाश विखुरतो म्हणून कॉफीला दुधाळ रंग येतो.

अमेरिकेत कार्नेशन कंपनीनं १९६१ साली ‘कॉफी-मेट’ आणलं, ते फ्रीजबाहेर महिनोन् महिने टिकणारी, नासणार नाही अशी साय हवी असणाऱ्यांसाठी. त्यात दूध नाही, साय नाही, म्हणून असल्या पावडरींना ‘नॉन-डेअरी’ म्हणण्याचा प्रघात पडला. व्हीगन गिऱ्हाईक तेव्हा कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतं. पुढे अमेरिकी नियमांत एक अट आली : ‘नॉन-डेअरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात केसिनेट असेल, तर घटकांच्या यादीत त्यापुढे ते दुधापासूनचं आहे हे लिहायचं. तुमच्या बरणीवर सोडियम केसिनेटच्या पुढे कंसात ‘मिल्क डेरिव्हेटिव्ह’ हे शब्द असू शकतात, जरूर पाहा.

आता हिरवा ठिपका. भारतीय नियमांनुसार दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण आणि लाख हे शाकाहारीच धरले जातात. म्हणजे हिरवा ठिपका मांस, मासे आणि अंडी नाहीत एवढंच सांगतो. व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम आपल्याकडे २०२२ साली आले आणि त्यांची खूणही वेगळी आहे : हिरव्या चौकटीत इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर आणि त्याला फुटलेलं पान. ही खूण छापण्याआधी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते, आणि पदार्थात तर सोडाच, तो तयार करण्याच्या कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य काही वापरता येत नाही.

ही खूण नसली म्हणजे पदार्थ व्हीगन नाहीच, असं मात्र समजू नका. कित्येक छोट्या उत्पादकांनी ती घेतलेली नाही. अशा वेळी बरणी उलटी धरा आणि सर्वांत आधी घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळ वाचा. भारतात, अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि युरोपात दुधाचा कोणताही अंश घटक म्हणून वापरला असेल तर दुधाचं नाव घ्यावंच लागतं. ‘कंटेन्स मिल्क’ दिसलं की विषय संपला. मग यादीत केसीन, केसिनेट (सोडियमचं असो, कॅल्शियमचं असो), मायसेलर केसीन, मिल्क प्रोटीन, मिल्क सॉलिड्स, व्हे, लॅक्टोज, बटर ऑइल यांपैकी काही आहे का ते पाहा. यातलं एकही नाव असेल तर ती पावडर तुमच्यासाठी नाही. पुढच्या बाजूला काय छापलंय याला आम्ही काडीचंही महत्त्व देत नाही, तुम्हीही देऊ नका.

प्रश्न : ‘डेअरी व्हाइटनर’ आणि क्रीमर एकच का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. अमूल्या, एव्हरीडे यांसारखे डेअरी व्हाइटनर म्हणजे साखर घातलेली दुधाची पावडरच. ती व्हीगन असण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या नातवाला दुधाची ॲलर्जी आहे. शेजारच्या बाईंना दूध पचत नाही, त्या नॉन-डेअरी पावडर वापरतात आणि त्यांना काही त्रास होत नाही. नातवाच्या खिरीत तीच पावडर घातली तर चालेल का?
— एक आजी, सांगली

उत्तर : अजिबात घालू नका. शेजारच्या बाईंना त्रास होतो तो लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा. केसिनेटमध्ये ती जवळपास नसते, म्हणून त्यांना पावडर सोसते. नातवाचं शरीर दुधातल्या प्रथिनांवर उलटतं, आणि केसीन हे त्यांतलं मुख्य प्रथिन. अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं आणि त्याला चमचाभर पावडरही पुरते. ‘लॅक्टोज-फ्री’ लिहिलेलं दूध किंवा क्रीमरही त्याला चालणार नाही, त्यातून फक्त साखर काढलेली असते.

ज्या पाकिटावर ‘मे कंटेन मिल्क’, म्हणजे दुधाचा अंश असू शकतो, असं लिहिलेलं असतं, तिथे व्हीगन माणूस आणि ॲलर्जीचा रुग्ण यांनी वेगवेगळा विचार करावा. त्याच कारखान्यात, कधी त्याच यंत्रावर, दूध हाताळलं जातं एवढाच त्या ओळीचा अर्थ, दूध मुद्दाम घातलेलं नसतं. बरेच व्हीगन लोक असा पदार्थ घेतात आणि ते आम्हाला योग्यच वाटतं. नातवाला मात्र तो देऊ नका. शिवाय पर्यायी दुधं बदाम, काजू, सोया यांची असतात आणि त्यांचीही ॲलर्जी असू शकते. नवीन काही सुरू करण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्या दुकानात क्रीमरचं अख्खं कपाट असतं : नॉन-डेअरी, डेअरी-फ्री, प्लांट-बेस्ड, ओट, आल्मंड. झटकन निवडायचं कसं? आणि इथल्या साखरेत हाडांचा कोळसा असतो असं ऐकलं, ते खरं का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : ‘नॉन-डेअरी’ लिहिलेलं आधी बाजूला ठेवा. तुमच्याकडच्या सर्वांत खपाच्या चवीच्या बाटल्यांमध्ये, फ्रेंच व्हॅनिला, हेझलनट वगैरे, बहुधा केसीन असतंच. ‘डेअरी-फ्री’ला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची नेमकी व्याख्या नाही. ‘प्लांट-बेस्ड’ आणि ओट, बदाम, नारळ यांच्या बाटल्या बहुतेक वेळा निर्दोष निघतात, पण ॲलर्जीची ओळ त्यांचीही वाचा. एकाच कंपनीची एक बाटली दुधाची आणि शेजारची ओटची, दोघींची वेष्टनं सारखीच, असं सर्रास दिसतं.

तुमच्याकडे आणखी एक खूण उपयोगी पडते. ज्यू धर्मीयांच्या कोशर आहारात दूध आणि मांस एकत्र येऊ देत नाहीत, म्हणून कोशर खुणेत दुधाचा उल्लेख असतो. वर्तुळातल्या ‘यू’पुढे ‘डी’ असेल तर दूध आहे किंवा दुधाच्या यंत्रावर माल तयार झाला आहे. ‘पार्व्ह’ लिहिलं असेल तर दूध नाही. पार्व्ह पदार्थात अंडं किंवा मासा चालतो, हे विसरू नका. पण क्रीमरमध्ये ते सहसा नसतात, त्यामुळे क्रीमरपुरती ही खूण भरवशाची आहे.

साखरेचं म्हणाल, तर अमेरिकेत उसाची साखर शुभ्र करताना काही रिफायनऱ्या गुरांच्या हाडांचा कोळसा गाळणीसारखा वापरतात. तो साखरेत उरत नाही, पण वापरला जातो. बिटाच्या साखरेला तो लागत नाही आणि सरकारमान्य सेंद्रिय साखरेत तो चालत नाही. यादीत फक्त ‘शुगर’ लिहिलं असेल तर कोणती साखर हे बाटलीवरून कळणार नाही, कंपनीला लिहून विचारावं लागेल. हे टाळायचं असेल तर बिनसाखरेचा क्रीमर घ्या आणि साखर आपली आपण घाला. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत रस स्वच्छ करायला मुख्यतः चुना आणि गंधकाचा धूर वापरतात, त्यामुळे इकडे हा प्रश्न फारसा येत नाही.

जीवनसत्त्वं घातलेल्या बाटलीत ‘डी ३’ असेल तर ते बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून केलेलं असतं. दगडफुलासारख्या लायकेनपासूनही डी ३ काढतात, पण तसं असेल तर कंपनी ते बहुधा ठळक छापते. ‘डी २’ बुरशी किंवा यीस्टपासूनचं असतं, ते चालतं.

प्रश्न : घटकांच्या यादीत नावांऐवजी छापलेल्या आकड्यांचं काय? ३४०, ४७१, ४८१, ५५१... यातलं प्राणिजन्य कोणतं?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : ३४० म्हणजे पोटॅशियम फॉस्फेट आणि ५५१ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, दोन्ही खनिजजन्य. ४०७ समुद्री शेवाळातून येतं, ४१८ जिवाणूंच्या किण्वनातून. १४५० हा बदललेला स्टार्च, आणि तो यादीत दिसला तर आनंदच माना, कारण केसिनेटऐवजी तेल धरून ठेवायला तो वापरतात.

शंका घ्यावी असे आकडे ४७१, ४७२ई आणि ४८१. हे सगळे स्निग्धाम्लांपासून तयार होतात आणि ती स्निग्धाम्लं पाम तेलातून येतात तशी जनावरांच्या चरबीतूनही येऊ शकतात. इथे मात्र भारतातला हिरवा ठिपका कामाला येतो. चरबी वापरली असती तर पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण आली असती. म्हणून भारतात विकल्या जाणाऱ्या हिरव्या ठिपक्याच्या पावडरीत या आकड्यांची काळजी करू नका, दूध तेवढं शोधा. परदेशातून कुणी बॅगेतून आणलेल्या पाकिटाला हे लागू नाही.

प्रश्न : सोया किंवा बदामाचं दूध कॉफीत घातलं की फाटतं. कॉफीवर गुठळ्या तरंगतात. दूध तर ताजं असतं. काय चुकतंय? क्रीमरचं असं होत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दूध खराब नाही, कॉफी आंबट आहे. गाळलेल्या कॉफीचा पीएच ४.८ ते ५.१ च्या दरम्यान असतो, आणि सोयाची प्रथिनं ४.५ च्या जवळ साकळतात. म्हणजे सोया दूध आधीच काठावर उभं असतं. त्यात कडक उष्णता आणि सोया दुधात वरून घातलेलं कॅल्शियम आलं की प्रथिनं एकमेकांना धरतात. क्रीमरमध्ये डायपोटॅशियम फॉस्फेट असतं ते याचसाठी : ते कॉफीची आम्लता शोषतं आणि कॅल्शियमला बांधून ठेवतं. ‘बरिस्ता’ नावाची जी ओट-सोया दुधं मिळतात त्यांतही बहुधा हेच किंवा याच कामाचं दुसरं क्षार असतं, शिवाय थोडं तेल वाढवलेलं असतं. साधं बदाम पेय आणि बरिस्ता पेय यांच्या किमतीतला फरक कॉफीपुरता तरी वसूल होतो.

साधंच सोया किंवा बदाम दूध वापरायचं असेल तर क्रम उलटा करा. दूध मंद आचेवर साधारण ६० अंशांपर्यंत गरम करा, म्हणजे कडेला वाफ दिसू लागेल पण उकळी फुटणार नाही. ते कपात ओता. कॉफी उकळत्यावरून दोन-तीन मिनिटं निवू द्या आणि मग दुधात बारीक धारेनं सोडत ढवळत राहा. थंड दुधावर कढत कॉफी ओतली की हमखास फाटतं. कॉफी गडद भाजलेली घ्या. जितकं भाजणं जास्त तितकी आम्लता कमी. कॉफीच्या दोन जातींपैकी अरेबिकापेक्षा रोबस्टा कमी आंबट, त्यामुळे रोबस्टाचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रणही चांगलं. करून ठेवलेली कॉफी पुन्हा पुन्हा गरम करू नका, ती आणखी आंबट होते.

एवढं करूनही फाटत असेल तर एका कपाच्या कॉफीत, दूध घालण्याआधी, अगदी अर्धी चिमूट खायचा सोडा टाका. त्याहून जास्त नको, कॉफी खारट आणि साबणासारखी लागते.

आणि पाणी तपासा. बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे क्रीमरसुद्धा वर कापसासारखा फुलतो. अशा भागात कॉफीपुरतं तरी फिल्टरचं पाणी वापरा.

थंड कॉफीत क्रीमर पावडर विरघळत नाही, तरंगत राहते, कारण तिच्यातलं घट्ट तेल थंड पाण्यात वितळतच नाही. पावडर आधी दोन मोठे चमचे गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, मग बर्फ आणि कॉफी.

प्रश्न : घरच्या घरी क्रीमर करता येईल का? आमच्याकडे नारळ आणि काजू दोन्ही भरपूर. नारळाच्या दुधाची पावडर मिळते तीही चालेल का?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : आधी पावडरीबद्दल, कारण तिथे चांगले चांगले फसतात. नारळाचं दूध वाळवून पावडर करायचं तर त्यातलं तेल धरून ठेवायला काहीतरी लागतं, आणि बऱ्याच कंपन्या त्यासाठी माल्टोडेक्स्ट्रिनबरोबर (स्टार्चपासूनची पावडर) सोडियम केसिनेटच वापरतात. नावात नारळ, चित्रात नारळ, आणि आत दुधाचं प्रथिन. केसिनेट नसलेल्या पावडरीही मिळतात, म्हणून प्रत्येक पाकीट वाचूनच घ्या. डब्यातलं पातळ नारळाचं दूध त्या मानानं सुरक्षित : बहुधा नारळ, पाणी आणि घट्टपणासाठी एखादा डिंक.

घरी करायला काजू सर्वांत सोपा. अख्खे काजू नकोत, तुकडा चालतो. १०० ग्रॅम तुकडा धुऊन उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि ते पाणी टाकून द्या. आधी फक्त १०० मिलिलिटर पाणी घालून मिक्सरवर अगदी गुळगुळीत वाटा. सुरुवातीलाच सगळं पाणी घातलं तर कण राहतात आणि कपाच्या तळाशी बसतात. मग आणखी २५० मिलिलिटर पाणी घालून मिनिटभर फिरवा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर चार-पाच मिनिटं सतत ढवळा. काजूतल्या स्टार्चमुळे ते दाट होत जाईल. डावाच्या पाठीवर पातळ थर धरू लागला की लगेच उतरवा. त्यापुढे गेलात तर पेज होते आणि कॉफीत मिसळत नाही. दोन मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घाला. निवल्यावर काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, तीन ते चार दिवस टिकतं. रोज हलवून वापरा. आंबूस वास आला की टाकून द्या. दीडशे मिलिलिटर कडक कॉफीला दोन मोठे चमचे पुरतात, आणि कॉफी नेहमीपेक्षा कडक करा, कारण काजूची गोडसर चव तिला झाकते.

नुसत्या नारळाच्या दुधाची अडचण तुम्हाला सोलकढीमुळे माहीतच आहे : आच लागली की फाटते. कॉफीतही तसंच, आम्ल आणि उष्णता मिळून तेल वर येतं आणि तवंग धरतो. एका मध्यम नारळाचा चव कोमट पाण्यात, पाऊण कप पाणी पुरे, वाटून पहिलं जाड दूध काढा. ते वरच्या काजूच्या क्रीमरमध्ये निम्मंनिम्मं मिसळून मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवा. काजूची प्रथिनं आणि स्टार्च ते तेल बऱ्यापैकी धरून ठेवतात. नारळ मिसळलेलं मात्र गरम करायचं नाही आणि दोन दिवसांत संपवायचं.

ओटचं करून पाहणार असाल तर पाणी बर्फासारखं थंड घ्या, मिक्सर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका आणि फडकं पिळू नका. नाहीतर ते बुळबुळीत होतं. कॉफीच्या उष्णतेनं ते आणखी दाट होतं, म्हणून घरच्या ओटपेक्षा आम्ही काजूचीच शिफारस करतो.

प्रश्न : दूध सोडून क्रीमर घेतला तर कॅल्शियम मिळेल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. क्रीमर म्हणजे स्निग्ध आणि साखर, दुधाचं पोषण त्यात नाही. कॅल्शियमसाठी नाचणी (१०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम), तीळ, राजगिरा, किंवा कॅल्शियम घातलेलं सोया दूध घ्या. सोया दुधातलं हे कॅल्शियम बाटलीच्या तळाशी बसतं, म्हणून दर वेळी हलवून ओता. बी १२ मात्र वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. पूर्ण व्हीगन असाल तर त्याची गोळी घ्यावीच लागते, किती आणि कशी ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न : ऑफिसच्या मशीनमधली कॉफी आणि ‘थ्री-इन-वन’ची पाकिटं?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : मशीनच्या प्रीमिक्समध्ये बहुतेक ठिकाणी दुधाचीच पावडर असते. ‘थ्री-इन-वन’मध्ये कॉफी, साखर आणि क्रीमर, आणि त्या क्रीमरमध्ये सहसा दुधाचं प्रथिन. मशीनवर ‘ब्लॅक कॉफी’चं बटण असेल तरी एक गोष्ट बघा : काही मशीनमध्ये सगळी पेयं एकाच वाडग्यात घुसळून एकाच नळीतून येतात आणि आधीच्या माणसाच्या कॉफीचा दुधाळ अंश तुमच्या कपात उतरतो. ‘हॉट वॉटर’ची नळी बहुधा वेगळी असते. टेबलाच्या खणात साध्या इन्स्टंट कॉफीची लहान बाटली आणि बिनसाखरेच्या ओट पेयाचे २०० मिलिलिटरचे बंद खोके ठेवा. खोकं न फोडता फ्रीजबाहेर टिकतं. फोडलं की त्याच दिवशी संपवा, किंवा ऑफिसच्या फ्रीजमध्ये नाव घालून ठेवा.